मेंदूची बेगमी

फिनलंडच्या पूर्व टोकाला, रशियाच्या सीमेला लागून, उत्तर करेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलं, तळी, लांबलचक हिवाळा आणि दुधदुभत्यावर पोसलेली माणसं. १९६०च्या दशकात या प्रांताचं नाव झालं ते दुःखद कारणाने. तिथले पुरुष चाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराने पटापट जात होते. लाकूडतोडे, शेतकरी, अंगाने धट्टीकट्टी माणसं. पण हृदयविकाराच्या मृत्यूंचं त्यांच्यातलं प्रमाण जगात सर्वांत वरच्या रांगेत होतं. घरोघरी अकाली विधवा झालेल्या बायका होत्या. १९७१ साली या प्रांताच्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे रीतसर अर्ज केला, की आमच्यासाठी काहीतरी करा. त्यातून १९७२ मध्ये ‘उत्तर करेलिया प्रकल्प’ उभा राहिला आणि त्याची सूत्रं पेक्का पुस्का या विशीतल्या तरुण डॉक्टरकडे आली.

पुस्कांनी रुग्णालय बांधलं नाही. ते माणसांच्या स्वयंपाकघरात शिरले. पावावर लोण्याचा जाड थर, दूध सायीसकट, तळण लोण्यात, मिठाचा हात सैल, आणि भाजीपाला म्हणजे गुरांचं खाणं अशी समजूत. ‘मार्था’ या गृहिणींच्या जुन्या संघटनेने गावोगाव मेजवान्या घातल्या, त्यात कमी लोण्याचे, जास्त भाजीचे पदार्थ करून वाढले. सॉसेज बनवणाऱ्यांनी चरबी कमी केली. दूध-लोण्याच्या धंद्यातल्या काही शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवलं. कोलेस्टेरॉल कोणाचं जास्त उतरतं, यावर गावागावांत स्पर्धा लागल्या. पुढच्या ३५ वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात ही कहाणी इथवर शिकवतात.

माझ्या दृष्टीने तिचा मोलाचा भाग इथून पुढे सुरू होतो. या मोहिमेसाठी १९७२, ७७, ८२ आणि ८७ साली हजारो माणसांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल मोजून नोंदवून ठेवलं होतं. ती माणसं तेव्हा मध्यमवयीन होती. १९९८ मध्ये शेजारच्या कुओपिओच्या संशोधकांनी त्याच याद्यांमधून दोन हजार जणांना पुन्हा बोलावलं. आता ती पासष्ट ते एकोणऐंशी वर्षांची झाली होती. १,४४९ जण आले. या वेळी हृदयाबरोबर त्यांची स्मरणशक्तीही तपासली. मिआ किविपेल्टो या तरुण संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांबरोबर २००१ साली निष्कर्ष मांडले: सरासरी २१ वर्षांपूर्वी ज्यांचं वरचं बीपी १६०च्या पुढे होतं, त्यांना अल्झायमर होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होती. कोलेस्टेरॉल २५०च्या वर असणाऱ्यांचंही तेच. दोन्ही असतील तर साधारण साडेतीनपट.

पन्नाशीतल्या माणसाला बीपी असतं तेव्हा त्याला काहीच होत नसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, विसरायला होत नाही. आपल्याकडे तर ‘बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही’ म्हणून ती टाळणारे घरोघरी आहेत, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मधेच सोडणारे त्याहून जास्त. त्या बऱ्या वाटण्याच्या वर्षांत मेंदूतल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या जाड होत असतात, कडक होत असतात. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी पाचवा हिस्सा वापरतो. त्याचा पुरवठा थोडा थोडा तुटत गेला तर हिशेब लगेच लागत नाही, वीस-पंचवीस वर्षांनी लागतो. मृगापूर्वी करायची बेगमी जशी पावसाला तोंड लागल्यावर करता येत नाही, तसंच हे आहे.

रक्तवाहिन्यांचा आणि अल्झायमरचा संबंध किती खोल आहे, हे अमेरिकेतल्या जोगिणींनी दाखवून दिलं. संशोधक डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये मिनेसोटातल्या मॅन्काटो इथल्या कॅथलिक मठातून एक अभ्यास सुरू केला आणि पुढे त्यात ६७८ जोगिणी सहभागी झाल्या. सगळ्यांचं खाणं-पिणं, राहणी, दिनक्रम जवळजवळ सारखा. दारू नाही, धूम्रपान नाही, बाळंतपणं नाहीत. त्यांनी दरवर्षी स्मरणाच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासाला द्यायचं कबूल केलं. संशोधनासाठी याहून मोठं दान मला माहीत नाही. त्यांच्यातल्या सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या. शेवटपर्यंत चाचण्यांत त्यांचे गुण चांगले होते. मेंदू तपासला तेव्हा त्यात अल्झायमरच्या खुणा, म्हणजे प्रथिनांचे थर आणि गुंते, भरपूर सापडले. आजार मेंदूत होता, माणूस मात्र शाबूत होता. याउलट, ज्या जोगिणींच्या मेंदूत या खुणांच्या जोडीला रक्तपुरवठा तुटल्याच्या एक-दोन बारीक जखमाही होत्या, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त आढळला. दोन्ही मार एकत्र बसले की मेंदू कोलमडतो. त्यातला एक मार, बीपीचा, आपल्याला परतवता येतो.

किविपेल्टो पुढे गेल्या. आधीच्या पाहण्यांमध्ये भाग घेतलेल्या माणसांतूनच त्यांनी साठ ते सत्त्याहत्तर वयाचे, धोका थोडा जास्त असलेले १,२६० जण निवडले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचा आरोग्यसल्ला दिला. दुसऱ्याला दोन वर्षं चार गोष्टी एकत्र: आहारात बदल, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम, संगणकावर बुद्धीचा सराव आणि बीपी-साखर-चरबीवर नियमित लक्ष. ‘फिंगर’ या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गट सुधारले, पण चार गोष्टी करणाऱ्यांची एकूण सुधारणा २५ टक्क्यांनी जास्त होती. सगळ्यात मोठा फरक पडला तो विचारांच्या वेगात आणि कामाचं नियोजन करण्याच्या क्षमतेत. नुसत्या स्मरणशक्तीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही, आणि दोन वर्षांत कोणाला स्मृतिभ्रंश होतो की नाही हे काही कळत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत २,१११ जणांवर याच धर्तीचा प्रयोग पूर्ण झाला. तिथेही दोन्ही गट सुधारले आणि आखीव कार्यक्रम पाळणारे थोडे पुढे राहिले.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनच्या प्रा. जिल लिव्हिंग्स्टन यांच्या नेतृत्वाखाली नेमलेल्या आयोगाने २०१७ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी नऊ कारणं सांगितली होती, २०२०मध्ये बारा, आणि २०२४मध्ये चौदा. या चौदाही कारणांचं निवारण झालं तर जगातल्या सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाला अटकाव करता येईल किंवा तो पुढे ढकलता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा समाजाचा आहे, एका माणसाचा नाही. सगळं नीट सांभाळूनही एखाद्याला हा आजार होतो, कारण वय आणि जनुकं आपल्या हातात नाहीत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री हे आयुष्यभर ज्ञानसाधना केलेले संस्कृत पंडित आहेत, आणि तेही विसरत जातात. तेव्हा ज्या घरात हा आजार आला आहे तिथे ‘तुम्ही व्यायाम केला नाहीत, म्हणून’ असं कोणी म्हणू नये. त्या घराला आधीच पुरेसा भार आहे.

आपल्या देशाचं चित्र २०१७ ते २०२० दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून समोर आलं. साठीच्या पुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांमध्ये प्रमाण ९ टक्के, पुरुषांमध्ये ५.८. खेड्यात ८.४, शहरात ५.३. खेड्यातलं जीवन निवांत, हवा स्वच्छ, म्हणून डोकं ताजं राहतं, हा आपला लाडका समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

याचं एक मोठं कारण शाळा आहे. लॅन्सेटच्या यादीत आयुष्याच्या सुरुवातीचं कारण म्हणून अपुऱ्या शिक्षणाची नोंद आहे. वाचायला-लिहायला, विचार जोडायला शिकणारा कोवळा मेंदू पुढच्या पडझडीसाठी साठा करून ठेवतो, असं संशोधक मानतात. आज पंचाहत्तरीत असलेल्या आजी १९५०च्या आसपास जन्मल्या. १९६१च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता १५ टक्क्यांच्या आसपास होती. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीतून आत बघणाऱ्या त्या मुलीचं नुकसान फक्त नोकरीचं आणि हक्कांचं झालं असं आपण समजत होतो. ते तिच्या म्हातारपणापर्यंत पोचलं आहे. मुलीला दहावीनंतर घरी बसवायचं की पुढे शिकवायचं, हा विषय आज ज्या घरात निघतो, तिथे तिच्या सत्तरीचाही निर्णय होत असतो.

पण शाळा हुकली म्हणजे सगळं संपलं असं नाही, आणि हे सांगणारा अभ्यास आपल्याच दख्खनमधला आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. निरक्षर असूनही दोन भाषा बोलणाऱ्यांतही हा फरक दिसला, तोही सुमारे सहा वर्षांचा. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांचं यावर एकमत नाही. तरी, बेळगावात कानडी-मराठी एका दमात बोलणारी भाजीवाली किंवा गोव्यात कोंकणी, मराठी आणि पोर्तुगीज अशा तिन्हींत वावरलेले आजोबा यांच्या मेंदूला दिवसभर जो व्यायाम घडतो, तो कोणत्या पुस्तकात मिळणारा नाही. नातवंडांशी घरची भाषा बोला, असं सांगायला हे आणखी एक कारण.

आता कानांबद्दल. याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्या घरांत सर्वांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ ही अक्षरं विरतात, स्वर तेवढे पोचतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतं रे, पण कळत नाही.’ घरातले आधी मोठ्याने बोलतात, मग ओरडतात, मग एक दिवस म्हणतात, ‘काही नाही, जाऊ दे.’ त्या ‘जाऊ दे’पासून आजोबा जेवणाच्या गप्पांतून बाहेर पडतात. मग लग्नाकार्याला जाणं टाळतात, मग देवळातल्या कट्ट्यावरही जात नाहीत. अर्धवट पोचलेल्या शब्दांचा अर्थ लावण्यात मेंदूची शक्ती जाते आणि बोलणं बंद झाल्याने त्याला कामही उरत नाही. लॅन्सेटच्या हिशेबात मध्यमवयातल्या बहिरेपणाचा वाटा ७ टक्के आहे. वाढलेल्या वाईट कोलेस्टेरॉलचाही तितकाच, आणि यादीत हे दोन्ही सर्वांत मोठे आहेत.

कानाचं मशीन लावल्याने स्मृतिभ्रंश टळतो का? २०२३ मध्ये अमेरिकेत ९७७ वृद्धांवर झालेल्या प्रयोगाचं उत्तर प्रामाणिक आणि थोडं गुंतागुंतीचं आहे. एकूण गटात तीन वर्षांत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. मला वाटतं, एवढ्यावर मशीन लावायला हरकत नसावी. आणि मेंदूचं काहीही होवो, आजोबा पुन्हा जेवणाच्या गप्पांत येतात, हा फायदा तर पहिल्या महिन्यातला आहे. चष्म्याची कोणाला लाज वाटत नाही, मशीनची वाटते. शिवाय पहिले काही आठवडे मशीन लावणं खरंच त्रासाचं असतं. भांड्यांचा आवाज टोचतो, शिट्टी वाजते, आणि ते कपाटाच्या खणात जाऊन पडतं. ऑडिओलॉजिस्टकडे दोन-तीनदा जाऊन ते जुळवून घ्यावं लागतं, हे विकत घेताना कोणी नीट सांगत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र मिळू शकतं, आणि राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीच्या पुढच्या पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. चांगल्या मशीनला ते पुरत नाहीत, पण चौकशी करावी.

डोळ्यांचं काम आपल्याकडे त्या मानाने सोपं झालं आहे. मोतीबिंदूची शिबिरं तालुक्या-तालुक्यात होतात. अमेरिकेत सिअॅटल भागातल्या तीन हजारांहून जास्त वृद्धांच्या अभ्यासात मोतीबिंदू काढून घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ३० टक्के कमी आढळलं. ‘अजून पिकला नाही’ म्हणून वर्षानुवर्षं थांबण्याचे दिवस गेले आहेत.

साखरेच्या बाबतीत आपली एक जास्तीची अडचण आहे आणि ती शोधली पुण्यानेच. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाने लहान, पण चरबीने मोठी जन्माला येतात, असं त्यांना दिसलं. म्हणून काटकुळ्या हातापायांच्या आणि थोडं पोट सुटलेल्या माणसाला आपल्याकडे चाळिशीच्या आतही मधुमेह होऊ शकतो. ‘मी कुठे जाड आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे उपयोगाचा नाही. टेप घ्यावा आणि कंबर मोजावी. आहाराबद्दल परदेशातून ऑलिव्ह तेल आणि बेऱ्या मागवायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, डाळी-उसळी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, आठवड्यातून दोनदा मासे खाणाऱ्यांनी मासे. मीठ मात्र निम्म्यावर आणावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, आणि लोणचं, पापड, खारवलेली सुकट हे सगळं त्यातच धरायचं.

याज्ञिकांच्याच एका अभ्यासात पुण्याच्या परिसरातल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं. बी-१२ची मोठी कमतरता, थायरॉइड मंदावणं, न ओळखलेलं नैराश्य, झोपेच्या आणि इतर काही गोळ्यांचा परिणाम, डोक्याला मार लागून आत हळूहळू साठणारं रक्त, या सगळ्यांनी माणूस विसरभोळा, गोंधळलेला दिसतो, आणि यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. ‘म्हातारचळ लागला’ म्हणून सोडून देण्याआधी या तपासण्या व्हायलाच हव्यात. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, आयुष्यभर केलेल्या आमटीचा क्रम न जुळणं, पैशाच्या व्यवहारात अचानक गोंधळ, स्वभावात बदल, यातलं काही दिसलं तर जिल्हा रुग्णालयात किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं.

बाजारात ‘मेंदूचं टॉनिक’ भरपूर आहे. गिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्यांवर अमेरिकेत ३,०६९ वृद्धांची अनेक वर्षं परीक्षा झाली आणि २००८ मध्ये निकाल लागला: स्मृतिभ्रंश टळत नाही. शब्दकोडी आणि सुडोकू जरूर सोडवावीत, त्यात आनंद आहे; पण सुडोकू सोडवून माणूस मुख्यतः सुडोकूत तरबेज होतो. मित्रांबरोबर चालायला जाणं, भजनी मंडळात नवे अभंग पाठ करणं, पत्त्यांचा डाव मांडणं यांत हालचाल, बोलणं, आठवणं एकत्र घडतं, म्हणून मी त्यांच्या बाजूने आहे. लेकॅनेमॅब, डोनानेमॅब ही अलीकडची औषधं आजाराची गती थोडी मंदावतात. ती महाग आहेत, सुरुवातीच्या टप्प्यातल्या मोजक्याच रुग्णांना उपयोगी आहेत आणि मेंदूला सूज येण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय लागतो.

हेल्मेटबद्दलही बोललं पाहिजे. डोक्याला बसलेला मोठा मार हेही चौदांपैकी एक कारण आहे, आणि दुचाकींच्या पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलनं झाली. कॉलेजला जाणाऱ्या मुलाचा मेंदू अजून साठ वर्षं वापरायचा आहे.

राहिला मुख्य प्रश्न: हे सगळं फिनलंडला जमलं, आपल्याला जमेल का? याचं उत्तर चीनच्या खेड्यांतून आलं आहे. तिथल्या ३२६ गावांमध्ये, बीपी आटोक्यात नसलेल्या सुमारे ३४ हजार माणसांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत बीपीचं काम मोठ्या डॉक्टरांकडे न ठेवता गावपातळीवरच्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या वैद्यांकडे सोपवलं. ठरलेल्या क्रमाने साध्या गोळ्या वाढवायच्या, त्या फुकट किंवा स्वस्तात द्यायच्या, घरी बीपी मोजायला शिकवायचं. चार वर्षांनी, २०२५ मध्ये निकाल जाहीर झाले. त्या गावांमध्ये स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला होता. या वेळी मोजला तो चाचणीतला गुण नव्हता, प्रत्यक्ष आजार होता. स्वस्तातल्या गोळ्या, आणि त्या देणारा ओळखीचा माणूस.

ही यंत्रणा महाराष्ट्रात कागदावर आहे आणि बऱ्याच ठिकाणी कामही करते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत आपण होतो. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तक्ता भरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या गोळ्या मोफत मिळतात. अडतं ते चाळिशीतल्या कष्टकरी माणसापाशी. सकाळच्या ओपीडीच्या वेळेत तो शेतात, एमआयडीसीत किंवा एसटीच्या स्टिअरिंगवर असतो. गोळ्यांची रांग लावायची तर दिवसाचा रोज बुडतो. आणि दिवाळी आटोपली की बीड, अहिल्यानगरच्या गावांतून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात, पाच-सहा महिन्यांसाठी. तिकडच्या केंद्रात त्यांचं नाव नसतं, इकडचं कार्ड गावात राहतं, आणि बीपीची गोळी कोयत्याबरोबर कोणी बांधून देत नाही. निघण्याआधी त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, उरलेल्या कारखान्याच्या तळावर पोचवाव्यात, तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ बीपीचं मशीन घेऊन आरोग्यसेविकेने बसावं. गाळपाचा परवाना देताना साखर कारखान्यांना ही अट घालणं सरकारला शक्य आहे.